वाचकांचे प्रश्न : आधी उजेड, मग आवाज

हिरोशिमा-नागासाकी आणि अणुबॉम्बवरचं नाटक, सिनेमा, कविता या विषयावर आलेल्या पत्रांतून या अंकासाठी सहा प्रश्न घेतले आहेत. आरमोरीच्या पत्राला सर्वांत जास्त जागा दिली आहे, कारण तिथे तालमी सुरू झाल्या आहेत आणि वेळ थोडा आहे.

प्रश्न : झाडीपट्टीतली आमची मंडळी दिवाळीनंतरच्या हंगामासाठी हिरोशिमावर तीन अंकी नाटक बसवत आहे. बॉम्बच्या प्रवेशात लायटिंगवाला सगळे दिवे एकदम मारतो, त्याच क्षणी साउंडवाला धडाका सोडतो. विंगेत सुतळी बॉम्ब लावायचंही ठरतंय. तरी तालमीत सगळं खोटं वाटतं. काय चुकतंय?
(दिग्दर्शक, आरमोरी, जि. गडचिरोली)

उत्तर : उजेड आणि आवाज एकत्र येतात, तेच चुकतं आहे. ६ ऑगस्ट १९४५ च्या त्या सकाळी वाचलेल्या लोकांनी बॉम्बला नाव ठेवलं ते ‘पिका-दोन’. पिका म्हणजे लख्ख चमक, दोन म्हणजे दणका. जे अगदी जवळ होते त्यांच्यातले कित्येक जण फक्त ‘पिका’ म्हणत, कारण दणका ऐकल्याचं त्यांना आठवतच नव्हतं. लांबच्यांच्या बाबतीत दोन्हींच्या मध्ये शांतता होती. हिरोशिमात स्फोटाच्या धक्क्याची लाट ३० सेकंदांत सुमारे ११ किलोमीटर गेली. तुमच्या नाटकातलं घर स्फोटापासून ३ किलोमीटरवर धरलं, तर चमकेनंतर दणका यायला साधारण आठ सेकंद लागतील. ही आठ सेकंदं हाच तुमचा प्रवेश आहे.

ती मोजून घ्या. तालमीत कुणाला तरी घड्याळ घेऊन बसवा, कारण रंगमंचावर आठ सेकंद फार लांब वाटतात आणि नट तिसऱ्या सेकंदालाच मान वळवतो. पात्रांनी हातातलं काम चालूच ठेवावं. बाई तांदूळ धूत असेल तर तिने पुन्हा एकदा पाणी ओतावं, पोराने “आई, काय चमकलं?” एवढंच विचारावं. ऑर्गनवाल्याला आधीच बजावून ठेवा. झाडीपट्टीत रिकामी जागा दिसली की सुरांनी भरायची सवय असते. इथे एकही सूर नको, ढोलकीवर थापही नको.

आता दिवे. चमकेच्या अर्धा मिनिट आधी रंगमंचावरचा उजेड हळूहळू निम्म्याखाली आणा, म्हणजे प्रेक्षकांचे डोळे अंधाराला सरावतात आणि तेवढेच दिवे दुप्पट वाटतात. चमक एक सेकंद पांढरी ठेवा, मग तीन-चार सेकंदांत पिवळी-तांबडी करत उतरवा. हॅलोजन वापरत असाल तर ते आधीपासून डिमरवर अगदी मंद पेटते ठेवा. थंड फिलामेंट तापायला क्षणभर घेतो आणि चमक पिवळट, आळशी येते. पांढऱ्या एलईडीला ही अडचण नाही. मैदानावरचे मेटल हॅलाइड दिवे मात्र आणू नका, ते पूर्ण पेटायलाच काही मिनिटं घेतात. एक दिवा बाकीच्यांपेक्षा उंच आणि एकाच बाजूला ठेवा. बॉम्बचा उजेड आकाशातल्या एका जागेवरून आला होता, म्हणून सावल्या धारदार पडायला हव्यात. दिव्यांचं तोंड प्रेक्षकांकडे करू नका. पुढच्या रांगेत लहान मुलं बसतात. मागच्या पांढऱ्या पडद्यावर उजेड आपटवला की पुरे.

जनरेटरचा हिशेब आधी करा. हजार वॅटचे दहा हॅलोजन एकदम पेटले तर दहा किलोवॅट झाले, आणि थंड फिलामेंट पहिल्या क्षणी नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो. १५ केव्हीएच्या जनरेटरवर त्याच वेळी साउंडही असला, तर व्होल्टेज खाली बसतं आणि अँप्लिफायर बंद पडतो, तोही नेमका दणक्याच्या आधी. साउंडला वेगळा जनरेटर द्या, नाहीतर दिवे मंद पेटते ठेवण्याची वरची युक्ती तरी चुकवू नका.

सुतळी बॉम्ब काढूनच टाका. कापडी कनातीजवळ तो धोक्याचा आहे, आणि त्याचा आवाजही चुकीचा आहे. फटाका ‘टाण’ करून संपतो. लांबचा मोठा स्फोट खोल, लांबलेला, जमिनीतून आल्यासारखा येतो. तीन फूट बाय आठ फुटांचा जीआय पत्रा वरच्या कडेने टांगा, खालची कड दोन्ही हातांनी धरून आधी जोरात, मग सावकाश हलवा. माईक पत्र्यापासून दोन हात लांब ठेवा, त्याच्याखाली नगाऱ्यावर घुमता ठोका द्या.

दणक्याबरोबर वारा आला पाहिजे. जुलै १९४५ मध्ये न्यू मेक्सिकोत पहिली चाचणी झाली, तेव्हा शास्त्रज्ञ एन्रिको फर्मी सुमारे १६ किलोमीटरवर उभे होते. चमकेनंतर जवळपास ४० सेकंदांनी धक्का पोचला, तेव्हा त्यांनी हातातले कागदाचे कपटे सोडले. ते अडीच मीटर सरकले, आणि तेवढ्यावरून त्यांनी स्फोट दहा हजार टन टीएनटी या स्फोटकाएवढा असल्याचा अंदाज बांधला. तुमच्या नाटकात हे काम भिंतीवरचं कॅलेंडर करू शकेल. विंगेत फर्राटा पंखा आधीपासून पूर्ण वेगात चालू ठेवा आणि त्याच्यापुढे प्लायचा तुकडा धरा. दणका आला की प्लाय बाजूला. पंखा तेव्हा चालू केलात तर त्याला वेग घ्यायला तीन-चार सेकंद लागतात आणि वारा उशिरा येतो.

तिसऱ्या अंकात काळा पाऊस दाखवायचा असेल तर तो स्फोटानंतर अर्ध्या तासाच्या सुमारास धरा. दोरीवर पांढरं लुगडं वाळत घाला आणि वर ठिबकची नळी बांधा. टाकी चार-पाच फूट उंच ठेवली की ताशी चार लिटरच्या ड्रिपरमधून सुटे थेंब पडतात. पाण्यात काजळी घालू नका, ड्रिपर लगेच चोंदतात. शाई फडक्यातून गाळून घ्या. खाली रेतीचा ट्रे ठेवा आणि वायरिंग तिथून दूर न्या.

मेकअपबद्दल एकच सांगणं : लाल रंग कमी करा. भाजलेली माणसं दोन्ही हात पुढे धरून चालत होती, कारण सुटलेली कातडी अंगाला चिकटली की असह्य वेदना होत. इरी आणि तोशी मारुकी या चित्रकार जोडप्याने १९५० साली ‘भुतं’ या पहिल्या फलकावर हीच माणसं रंगवली. १९८२ पर्यंत त्यांनी असे पंधरा फलक केले, प्रत्येक १.८ मीटर उंच आणि ७.२ मीटर लांब. तोशी माणसं रेखायच्या, इरी त्यांवर काळ्या शाईचे ओघळ सोडायचे. पहिल्या फलकात बहुतेक शाईच आहे. ते हात नटांना नीट जमले की रक्ताची गरज उरत नाही.

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेत ६ ऑगस्टसाठी एक हजार कागदी पक्षी करायचे आहेत. किती कागद लागेल? मुलांकडून कागद फार फाटतो. सदाकोची गोष्ट सांगताना “तिचे ६४४च झाले” असं सांगायचं का?
(शिक्षिका, गोंदिया जिल्हा)

उत्तर : आधी गोष्ट. सदाको सासाकीचा जन्म जानेवारी १९४३ चा. बॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती. फेब्रुवारी १९५५ मध्ये रक्ताच्या कर्करोगामुळे तिला दवाखान्यात ठेवलं. हजार कागदी पक्षी केले की इच्छा पुरी होते, या जपानी समजुतीने ती तिथे पक्षी करू लागली, आणि २५ ऑक्टोबर १९५५ ला ती गेली. ६४४ हा आकडा तिच्यावरच्या इंग्रजी बालकादंबरीतून पसरला. हिरोशिमाच्या संग्रहालयाची नोंद सांगते की ऑगस्टअखेर तिचे हजार पुरे झाले होते आणि ती पुढेही करत राहिली, औषधांच्या पुड्यांच्या कागदाचेसुद्धा. तेव्हा हजार झाले नाहीत म्हणून ती गेली, असं मुलांना वाटू देऊ नका. तिच्या वर्गमित्रांनी देशभरातून वर्गणी जमवली आणि ५ मे १९५८ ला हिरोशिमात मुलांचं स्मारक उभं राहिलं.

हा पक्षी म्हणजे क्रौंच, तुमच्या तळ्यांवर येणाऱ्या सारसाचाच भाऊबंद. गोंदियाच्या मुलांना त्याची मान कशी वळते हे सांगावं लागणार नाही.

ए-४ कागद २१ बाय २९.७ सेंटिमीटरचा असतो. ७ सेंटिमीटरचे चौकोन काढले की एका कागदात बारा बसतात आणि कडेला पावणेदोन सेंटिमीटरची पट्टी उरते. हजारासाठी ८४ कागद लागतात. बिघडणारे धरून ९५ घ्या. घोटीव कागद उत्तम, साधा झेरॉक्सचा चालतो, चार्ट पेपर नको, त्याची शेपटी दुमडताना चिरते. चौकोन कात्रीने नव्हे, धातूची पट्टी ठेवून ब्लेडने मोठ्या माणसानेच कापावेत. एक मिलिमीटरचा फरक सुरुवातीला दिसत नाही, पण चोचीला येईपर्यंत पक्षी वाकडा होतो.

घडी अशी : चौकोन दोन्ही कर्णांवर दुमडून उघडा. कागद पालथा करून उभा आणि आडवा मध्यावर दुमडा, उघडा. आता चारही कोपरे एकत्र आणत कागद मिटला की लहान चौकोन तयार होतो. त्याची उघडी टोकं आपल्याकडे ठेवा. वरच्या थराच्या दोन्ही खालच्या कडा मधल्या रेषेला भिडवा, वरचा त्रिकोण त्यांवर दुमडा, नखाने घट्ट दाबा आणि सगळं परत उघडा. मग फक्त वरच्या थराचं खालचं टोक धरून वर उचला, बाजू आपोआप आत येतात आणि लांबट शंकरपाळीचा आकार होतो. मागच्या बाजूलाही हेच. मुलांचा कागद फाटतो तो बहुधा इथेच, कारण आधीच्या घड्या न दाबता ती टोक ओढतात. “आधी नखाने रेष, मग उचल” हे त्यांना पाठ करून घ्या. पुढे खालचे दोन पाय मध्याकडे दुमडून बारीक करा, दोन्ही पाय उलट घडीने आतून वर घ्या, एकाचं टोक वाकवून चोच करा आणि पंख हलकेच खाली ओढा.

ऑगस्टच्या दमट हवेत कागद मऊ पडतो आणि घडी धरत नाही. कापलेले चौकोन झाकणाच्या डब्यात ठेवा आणि लागतील तेवढेच बाहेर काढा.

जपानमध्ये साधारण ४० पक्ष्यांची एक माळ, अशा २५ माळा करतात. तुमच्याकडे २५ मुलं असतील तर एकेकाची एक माळ होते. गोधडीची सुई, दुहेरी दोरा आणि तळाला बटण. सुई पोटाच्या मध्यातून घालून पाठीच्या उंचवट्यातून काढा, म्हणजे पक्षी एकमेकांवर नीट बसतात. एका माळेला दीड मीटर धरा, दुहेरीसाठी दोरा दुप्पट कापा. हिरोशिमाच्या स्मारकाकडे दरवर्षी जगभरातून सुमारे एक कोटी पक्षी येतात. तुमचे शाळेच्या पडवीतच टांगा, गावाला रोज दिसतील.

प्रश्न : ‘ओपेनहायमर’ सिनेमात गीतेतलं वाक्य येतं, “मी मृत्यू झालो आहे, जगांचा संहारक.” गीतेत तर ‘काल’ आहे. चूक कुणाची?
(वाचक, आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : श्लोक अकराव्या अध्यायातला बत्तिसावा : कालोऽस्मि लोकक्षयकृत्प्रवृद्धः. पहिला अणुबॉम्ब बनवणाऱ्या शास्त्रज्ञांचे प्रमुख रॉबर्ट ओपेनहायमर अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात आर्थर रायडर यांच्याकडे संस्कृत शिकले आणि रायडर यांच्या इंग्रजी गीतेत इथे ‘मृत्यू’ आहे. ती चूक म्हणणं कठीण आहे. इंग्रजीला वेळ आणि मरण यांतून एक शब्द निवडावा लागतो, आपल्याला लागत नाही. “काळ आला होता, पण वेळ आली नव्हती” म्हणताना आपण दोन्ही अर्थ एका शब्दात बोलतो. ज्ञानेश्वरांनीही इथे “मी काळु गा हें फुडें” एवढ्यावर ठेवलं. तुम्ही वर्ध्याजवळचे आहात, गोपुरीच्या गीताई मंदिरात शिळांवर विनोबांच्या ओव्या कोरलेल्या आहेत. अकराव्या अध्यायाच्या शिळेपाशी थांबून ही ओवी वाचा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. १६ जुलै १९४५ च्या पहाटे, पहिल्या चाचणीच्या वेळी, ओपेनहायमर हे मोठ्याने बोलले नव्हते. हा श्लोक तेव्हा आठवला, असं त्यांनी नंतर सांगितलं. ज्या चित्रफितीत ते बोलताना दिसतात ती १९६५ ची आहे. त्यांच्या भावाच्या आठवणीप्रमाणे त्या क्षणी ते एवढंच म्हणाले, की जमलं. तुम्ही व्याख्यानात हा प्रसंग सांगत असाल तर दोन्ही सांगा.

वर्ध्याचा या विषयाशी आणखी एक धागा आहे. जपानी भिक्खू निचिदात्सु फुजी १९३३ मध्ये वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले, आणि सेवाग्रामच्या सर्वधर्म प्रार्थनेत ‘नम्यो हो रेंगे क्यो’ हा त्यांच्या पंथाचा मंत्र आजही म्हटला जातो. बॉम्बनंतर याच फुजी गुरुजींनी जपानमध्ये आणि बाहेर शांतिस्तूप उभारण्याचं काम हाती घेतलं. गांधीजींनी ७ जुलै १९४६ च्या ‘हरिजन’मध्ये लिहिलं की माणुसकीला युगानुयुगं तगवणारी सर्वांत कोमल भावना अणुबॉम्बने बधिर केली आहे. आर्वीत कार्यक्रम करायचा असेल तर सिनेमातल्या वाक्याशेजारी हा मजकूर वाचावा, असं आम्हाला मनापासून वाटतं.

प्रश्न : हिरोशिमात माणूस वाफ होऊन गेला आणि दगडावर फक्त सावली उरली, हे खरं का?
(बी.ए.चा विद्यार्थी, दर्यापूर, जि. अमरावती)

उत्तर : सावली खरी, वाफ नाही. स्फोटाच्या खालच्या बिंदूपासून २६० मीटरवर एका बँकेच्या दगडी पायऱ्यांवर कुणीतरी दार उघडायची वाट पाहत बसलं होतं. प्रखर उष्णतेने आजूबाजूचा दगड पांढुरका झाला आणि शरीराआडची जागा मूळच्या रंगाची राहिली. घरातलं जुनं कॅलेंडर काढलं की भिंतीवर गडद चौकोन दिसतो, तसंच. माणसाचं शरीर निम्म्याहून जास्त पाणी आहे. ते सगळं काही सेकंदांच्या उष्णतेने वाफ होत नाही. तिथली माणसं जळून गेली आणि त्यांची प्रेतं होती. १९७१ मध्ये त्या पायऱ्या काढून संग्रहालयात नेल्या.

हिंदी कवी अज्ञेय यांची ‘हिरोशिमा’ ही कविता अशाच सावलीवर आहे. ती त्यांना जपानमध्ये सुचली नाही. परत आल्यावर रेल्वेत बसल्या-बसल्या त्यांनी ती लिहिली. त्यात माणूस भाप झाल्याचं येतं. कवितेत ते राहू द्या, निबंधात वस्तुस्थिती म्हणून लिहू नका.

अशा सावल्यांचे कोन मोजूनच बॉम्ब जमिनीपासून सुमारे ६०० मीटर उंच फुटला, हे अभ्यासकांनी काढलं. वर्गात करून पाहा : अंधारात एक बल्ब उंच टांगा, टेबलावर तीन बाटल्या उभ्या करा आणि प्रत्येक सावलीच्या टोकापासून बाटलीच्या टोकावरून दोरा ताणून पुढे न्या. तिन्ही दोरे बल्बपाशी भेटतात. भेटले नाहीत तर बाटली जवळ आहे आणि सावलीची कड पसरट पडते आहे, बल्ब लांब न्या.

प्रश्न : गॉडझिला हा मुलांचा सिनेमा. तो अणुबॉम्बवरच्या सिनेमांच्या यादीत कशाला?
(ग्रंथपाल, पुसद, जि. यवतमाळ)

उत्तर : १९५४ चा मूळ जपानी ‘गोजिरा’ (गॉडझिलाचं जपानी नाव) पाहिलात तर हा प्रश्न पडणार नाही. त्या वर्षी १ मार्चला अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. अंदाज सुमारे ६ मेगाटनचा (एक मेगाटन म्हणजे दहा लाख टन टीएनटी) होता, निघाला १५ चा, कारण बॉम्बमधल्या, निरुपद्रवी समजलेल्या लिथियम-७ या घटकानेही त्यात भाग घेतला. जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर असलेल्या एका जपानी मासेमारी बोटीवर पांढरी राख पडली. बोटीचं नाव ‘नशीबवान ड्रॅगन क्रमांक ५’, माणसं २३. तिचे रेडिओचालक आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबरला वारले. ३ नोव्हेंबरला सिनेमा लागला, आणि तो सुरू होतो समुद्रातल्या एका बोटीपासून आणि पाण्यावरच्या लख्ख चमकेपासून. त्या प्रेक्षकाला ती बोट ओळखून द्यावी लागली नसेल.

दिग्दर्शक इशिरो होंडा, संगीत अकिरा इफुकुबे यांचं. गोजिरा या अजस्र प्राण्याची डरकाळी कुठल्याच जनावराची नाही. डबल बास या मोठ्या तंतुवाद्याची तार सैल करून, चामड्याच्या हातमोज्याला राळ लावून ती घासली आणि ध्वनिफीत हळू चालवली.

वाचनालयात दाखवणार असाल तर ९६ मिनिटांची जपानी आवृत्ती सबटायटल्ससह घ्या. १९५६ च्या अमेरिकी आवृत्तीत एका अमेरिकी पत्रकाराचे प्रसंग जोडले आणि मूळचं बरंच कापलं. लोकलगाडीतली एक बाई आपण नागासाकीतून कशाबशा वाचल्याचं बोलते, ते वाक्य त्यातच गेलं.

प्रश्न : हिरोशिमाच्या नेमक्या वेळेला गावात दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं आहे. आपल्या घड्याळात किती वाजतात?
(ग्रामपंचायत सदस्य, साकोली तालुका, जि. भंडारा)

उत्तर : हिरोशिमाची वेळ सकाळी ८ वाजून १५ मिनिटं, नागासाकीची ९ ऑगस्टला ११ वाजून २ मिनिटं. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. म्हणजे ६ तारखेला आपल्याकडे पहाटेचे ४ वाजून ४५ मिनिटं, अजून अंधार असतो, आणि ९ तारखेला सकाळचे ७ वाजून ३२ मिनिटं. मुलांना सोबत घ्यायचं असेल तर ९ तारीख सोयीची. ६ लाच करायचं असेल तर आदल्या रात्री दवंडी द्या आणि भोंगा न वाजवता चौकातला दिवा एकदा लावून मालवा.